कॅप्टन जेकबचा न दिसलेला ग्रह

8 ऑगस्ट 1862 रोजी विल्यम स्टीफन जेकब मुंबई बंदरात उतरला. वय 48, प्रकृती पार खालावलेली, पण डोक्यात एकच ध्यास. पुण्याजवळ डोंगरावर, समुद्रसपाटीपासून पाच हजार फुटांच्या आसपास, त्याला वेधशाळा उभारायची होती. ब्रिटिश पार्लमेंटने त्यासाठी 1,000 पौंड मंजूर केले होते. फ्रान्समधल्या लेरेबूर्सच्या कारखान्याची नऊ इंची दुर्बीण त्याने पदरमोड करून विकत घेतली होती आणि तीन वर्षे तिथे राहून काम करण्याची हमी सरकारला दिली होती.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सह्याद्रीचा घाट चढायचा म्हणजे काय, हे महाड-पोलादपूरच्या माणसाला वेगळे सांगायला नको. तेव्हा मुंबईहून खोपोलीपर्यंत आगगाडी होती आणि खंडाळ्याहून पुण्यापर्यंतही होती. मधल्या बोरघाटातला लोहमार्ग मात्र पुढच्या वर्षी, 1863 मध्ये सुरू झाला. मधला टप्पा पावसात, धुक्यात, रस्त्यानेच पार करावा लागे. जेकब पुण्याला पोहोचला आणि 16 ऑगस्टला वारला. मुंबईत पाऊल ठेवून जेमतेम आठ दिवस झाले होते. डोंगरावरची वेधशाळा त्याच्याबरोबरच बारगळली.

जेकब आडनाव म्हटले की इतिहासाच्या वाचकाला सिंधमधला जॉन जेकब आठवतो, ज्याच्या नावाचे जेकबाबाद आजही नकाशावर आहे. विल्यम हा त्याचा धाकटा भाऊ. थोरल्याने घोडदळ उभारले, शहर वसवले. धाकट्याच्या नावावर काय, तर एक चुकलेला ग्रह. पण सूर्याखेरीज दुसऱ्या एखाद्या ताऱ्याभोवती ग्रह फिरतो आहे, असे प्रत्यक्ष मोजमापाच्या आधारे छापून सांगण्याचा पहिला दावा म्हणून विज्ञानाचा इतिहास त्याचीच नोंद करतो. ग्रह चुकला, रीत मात्र चुकली नव्हती. त्याच तत्त्वाने, ताऱ्याच्या डोलण्यावरून, 140 वर्षांनी जो पहिला ग्रह सूर्यासारख्या ताऱ्याभोवती सापडला, तो इतका भलत्याच ठिकाणी होता की तोवर तिथे पाहायचे कोणाच्या मनातही आले नव्हते. मला या इतिहासात रस आहे तो त्या 140 वर्षांसाठी.

जेकब 1831 साली कंपनी सरकारच्या मुंबई इंजिनिअर्समध्ये दाखल झाला आणि पुण्याला आला. 1842 मध्ये त्याने पुण्यात स्वतःची छोटी वेधशाळा थाटली. पेशवाई बुडून अजून पाव शतकही झाले नव्हते. डॉलंड बनावटीची पाच फुटी दुर्बीण, आणि वेध घ्यायचे ते जोडताऱ्यांचे. साध्या डोळ्याला एक दिसणारे कितीतरी तारे दुर्बिणीतून दोन दिसतात आणि त्यातले बरेचसे खरोखरच एकमेकांभोवती फिरत असतात.

हे काम चिकाटीचे आणि डोळे फोडणारे. नेत्रिकेत कोळ्याच्या जाळ्याचे धागे ताणलेले असत, एक स्थिर आणि एक स्क्रूने सरकणारा. एका ताऱ्यावर एक धागा धरायचा, दुसरा धागा फिरवत फिरवत जोडीदारावर आणायचा, मग स्क्रूचे फेरे वाचून अंतर काढायचे आणि चकतीवरून दिशेचा कोन टिपायचा. हवा जरा थरथरली की तारा धाग्याखालून निसटतो. म्हणून एकच मोजमाप पुन्हा पुन्हा घेऊन सरासरी काढायची. जेकबला पुढे डोंगराचा जो ध्यास लागला तो यामुळेच. उंचावर हवा विरळ असते आणि ताऱ्याचे बिंब तुलनेने स्थिर दिसते. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला गेलेल्या कोणीही हिवाळ्यातल्या रात्री मान वर केली असेल तर हा फरक त्याला ठाऊक असेल. महाबळेश्वरची उंची साडेचार हजार फुटांची, जेकबला हवी होती साधारण त्याच तोडीची.

पुण्यात टिपलेल्या 244 जोडताऱ्यांची यादी त्याने 1848 मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीला सादर केली. त्याआधी, 1847 मध्ये, वृश्चिकातला न्यू हा तारा दोन नव्हे तर तीन ताऱ्यांचा आहे, हे त्याने दाखवले होते. वृश्चिक आणि त्याच्या माथ्यावरचा भुजंगधारी ही दोन्ही आपल्याकडे आषाढ-श्रावणातली आकाशे, म्हणजे संध्याकाळी ती नेमकी डोक्यावर येतात तेव्हा आकाशच नसते. या ताऱ्यांवर काम करणाऱ्याला उन्हाळ्याच्या पहाटे उठावे लागते, नाहीतर पाऊस ओसरल्यावर पश्चिमेला ते मावळण्याआधी घाई करावी लागते. जेकबचा पुढचा सगळा खटला याच भुजंगधारीतल्या एका ताऱ्यावर उभा राहिला.

जाता जाता एक गोष्ट. याच पुण्यात, याच पिढीत, आपल्या रायगड जिल्ह्यातल्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे गणित आणि ज्योतिष शिकवत होते. केरूनानांनी मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत उमेदवारी केली होती आणि 1860 मध्ये त्यांची ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध झाली. एकीकडे पंचांगातले ग्रह आकाशातल्या ग्रहांशी जुळवण्याचा खटाटोप, दुसरीकडे छावणीतल्या इंजिनिअरचे जोडतारे. या दोन वाटा एकाच गावातून जात होत्या, ही गोष्ट आपल्या इतिहासलेखनात फारशी येत नाही.

जेकबचा काळ न दिसणाऱ्या गोष्टी हिशेबाने शोधण्याने भारलेला होता. 1846 मध्ये युरेनसच्या चालीतली गडबड पाहून फ्रान्सच्या ल व्हेरिएने कागदावर एका नव्या ग्रहाची जागा काढली आणि बर्लिनच्या गालेने त्याचे पत्र मिळाले त्याच रात्री दुर्बिणीत नेपच्यून दाखवला. त्याच्या दोन वर्षे आधी जर्मन खगोलविद बेसेलने सांगितले होते की व्याध हा तारा सरळ रेषेत न जाता हेलकावे घेत जातो, तेव्हा त्याला न दिसणारा जोडीदार असला पाहिजे. तो जोडीदार जानेवारी 1862 मध्ये, म्हणजे जेकबच्या मृत्यूच्या सहा-सात महिने आधी, अमेरिकेत ॲल्व्हन क्लार्कने दुर्बिणीतून प्रत्यक्ष पाहिला. चालीत खोट दिसली की न दिसणारा सोबती शोधायचा, हा त्या पिढीचा मंत्र झाला होता आणि दोनदा तो फळलाही होता.

त्याचे गणित फुगडीसारखे आहे. थोराड बाईने लहान पोरीबरोबर फुगडी धरली तर पोर मोठे वर्तुळ घेते, पण बाईही जागच्या जागी उभी राहत नाही, तिचाही एक छोटा घेरा होतोच. लांबून पोर दिसली नाही तरी बाईच्या डोलण्यावरून पोर आहे हे कळते. ती किती वेळात फेरी घेते, वजन साधारण किती, हेही काढता येते. ताऱ्याभोवती ग्रह फिरतो म्हणजे हेच. तारा ग्रहाच्या हजारपट जड असतो, त्यामुळे त्याचा घेरा अगदीच इवला, आणि तो मोजायचा म्हणजे कसब लागते.

डिसेंबर 1848 मध्ये जेकब मद्रास वेधशाळेचा संचालक झाला. पुढे रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या, ताऱ्याच्या शोधामुळे गाजलेले चिंतामणी रघुनाथाचारी याच वेधशाळेतले. तिथे 1855 मध्ये जेकबने भुजंगधारीतल्या 70 क्रमांकाच्या जोडताऱ्याचे सगळे जुने-नवे वेध एकत्र केले. हा तारा साध्या डोळ्यांना दिसतो, अंतर सुमारे 17 प्रकाशवर्षे, आणि त्यातले दोन तारे एकमेकांभोवती 88 वर्षांत फेरी घेतात. जेकबने कक्षा आखली, पण काही केल्या वेध तिच्यावर नीट बसेनात. कधी अलीकडे, कधी पलीकडे. यावरून त्याने मांडले की या जोडीत एक ग्रह असण्याची दाट शक्यता आहे.

आज आपल्याला माहीत आहे की ती गडबड ताऱ्याची नव्हती, मोजमापांची होती. वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या दुर्बिणींमागच्या, वेगवेगळ्या डोळ्यांनी घेतलेले वेध एका माळेत ओवले की असे होते. पण जेकबला मी दोष देणार नाही. त्याने ‘शक्यता’ म्हटले आणि आकडे समोर ठेवले. खरी गंमत त्याच्या पश्चात झाली. 1896 मध्ये अमेरिकेतल्या टी. जे. जे. सी याने त्याच ताऱ्याभोवती 36 वर्षांत फिरणारा काळा सोबती असल्याचा दावा ठोकून दिला. 1899 मध्ये फॉरेस्ट मोल्टनने गणिताने दाखवले की अशा जागी असला सोबती टिकूच शकणार नाही. यावर सी इतका खवळला की ज्या नियतकालिकात तो लिहीत असे, त्या नियतकालिकाने पुढे त्याचे लेख छापणेच बंद केले. 1943 मध्ये पुन्हा एकदा 70 भुजंगधारीभोवती ग्रह ‘सापडला’ आणि पुन्हा मावळला.

त्याहून बोलकी गोष्ट बर्नार्डच्या ताऱ्याची, आणि तोही भुजंगधारीतच. पीटर व्हॅन डी कॅम्प या अमेरिकेत स्थायिक झालेल्या डच खगोलविदाने आयुष्यभर त्याचे फोटो घेतले आणि 1963 मध्ये त्याच्याभोवती गुरूपेक्षा जड ग्रह असल्याचे जाहीर केले. फेरी 24 वर्षांची. पाठ्यपुस्तकांत तो ग्रह आला, भाषणांत आला. 1973 मध्ये इतरांनी तपासले तेव्हा त्या वेधशाळेच्या फोटोंत दुसरेही तारे अगदी त्याच वर्षी हेलकावे घेताना दिसले. भिंगाची बैठक काढून पुन्हा बसवली होती, त्याचा तो परिणाम. बर्नार्डच्या ताऱ्याभोवती खरा ग्रह निघाला तो 2024 मध्ये. पृथ्वीहूनही हलका, आणि त्याचे वर्ष किती, तर जेमतेम तीन दिवसांचे.

इथे मुद्दा येतो. जेकबपासून व्हॅन डी कॅम्पपर्यंत सगळ्यांनी शोधला तो एका फेरीला वर्षानुवर्षे, दशकानुदशके घेणारा ग्रह. कारण उघड होते. आपल्या घरात मोठा ग्रह म्हणजे गुरू, आणि तो सूर्यापासून लांब, बारा वर्षांत एक फेरी घेतो. सूर्याजवळ खडकाळ लहान ग्रह, दूर वायूचे अवाढव्य गोळे. ताऱ्याजवळच्या तापलेल्या जागेत बर्फ टिकत नाही आणि बर्फाच्या गाभ्याशिवाय वायूचा राक्षस घडत नाही, असे सिद्धांतही सांगत होता. मग दुसरा कोणताही तारा आपल्यासारखाच संसार मांडून बसेल, अशी सगळ्यांची पक्की समजूत. मोठ्या ग्रहाने ताऱ्याला चिकटून दोन-चार दिवसांत प्रदक्षिणा करावी, हे कुणाच्या हिशेबातच नव्हते.

कुणाच्याच म्हणणे थोडे अन्यायाचे. 1952 मध्ये ऑटो स्ट्रूव्हेने एका छोट्या टिपणात लिहिले होते की गुरूएवढा ग्रह पृथ्वी-सूर्य अंतराच्या पन्नासाव्या भागावर, एका दिवसात फेरी घेत असायला हरकत काय? तसा असेल तर ताऱ्याचे पुढेमागे होणे वर्णपटात टिपता येईल, आणि ग्रह आपल्यासमोरून गेला तर ताऱ्याचा प्रकाशही किंचित मंदावेल. पुढच्या पन्नास वर्षांत बाह्यग्रहांचे, म्हणजे परक्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांचे, जवळपास सगळे शोध या दोनच मार्गांनी लागले. पण 1952 मध्ये ते टिपण वाचून कुणी जागचे हलले नाही.

मिशेल मायोर आणि त्याचा विद्यार्थी दिदिए केलो यांनी 1994 पासून दक्षिण फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेतून 142 सूर्यसदृश ताऱ्यांचा वेग मोजायला घेतला. तारा आपल्याकडे आला की त्याच्या वर्णपटातल्या रेषा निळ्या बाजूला सरकतात, दूर गेला की तांबड्या. गुरू आपल्या सूर्याला सेकंदाला साडेबारा मीटरने हलवतो, म्हणजे ताशी 45 किलोमीटरने, आणि तेही बारा वर्षांच्या आवर्तनात. 51 पेगासी हा तारा याच्या चौपटीहून जास्त वेगाने डोलत होता, आणि आवर्तन होते चार दिवस आणि काही तासांचे. केलोला आधी वाटले की आपले यंत्रच बिघडले. उपकरण तपासले, संगणकाचा हिशेब तपासला, तारा दृष्टिआड गेल्यावर तो परत येईपर्यंत थांबून 1995 च्या जुलैत पुन्हा मोजले. डोलणे तसेच.

6 ऑक्टोबर 1995 रोजी फ्लॉरेन्सच्या परिषदेत मायोरने तो ग्रह जाहीर केला. वस्तुमान गुरूच्या निम्म्याच्या आसपास, ताऱ्यापासूनचे अंतर बुधाच्या अंतराच्या सातव्या-आठव्या भागाएवढे, वरचा थर हजार अंशांपर्यंत तापलेला. कॅलिफोर्नियात जेफ मार्सी आणि पॉल बटलर 1987 पासून याच कामात होते. त्यांनी लिक वेधशाळेतून काही दिवसांत ताळा घेतला आणि ग्रह तिथे होता. मग त्यांनी आपलीच जुनी मोजमापे उकरली तर त्यातही ग्रह निघाले. इतकी वर्षे ते आकडे फळीवर पडून होते. 1995 चा शोध म्हणजे नव्या यंत्राचा विजय असे सांगितले जाते, ते अर्धेच खरे आहे.

फ्लॉरेन्सच्या त्याच परिषदेत दुसरी घोषणा झाली, आणि तिच्याशी आपले नाते अधिक जवळचे. कॅलटेकच्या गटाने ग्लीझे 229 या 19 प्रकाशवर्षे अंतरावरच्या ताऱ्याशेजारी एक अंधूक ठिपका टिपला होता. मूळ ताऱ्याचा झगमगाट झाकून पालोमार वेधशाळेच्या 60 इंची दुर्बिणीने तो आधी 1994 मध्ये पाहिला, नंतर त्याचा वर्णपट घेतला. त्यात मिथेन होता, जसा गुरूच्या वातावरणात असतो. तारा म्हणावा तर फार थंड, ग्रह म्हणावा तर फार जड. अशा वस्तूला तपकिरी बटू म्हणतात, आणि निर्विवाद म्हणावेत असे पहिले एक-दोन बटू त्याच वर्षी हाती लागले. या गटात श्रीनिवास कुलकर्णी होते. त्यांचा जन्म 1956 चा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचा, बालपण हुबळीकडचे. कुरुंदवाड कृष्णाकाठी. महाबळेश्वरच्या ज्या पंचगंगा देवळातून कृष्णा निघते असे मानतात, तिथूनच सावित्री उगम पावते आणि पोलादपूर-महाडवरून बाणकोटच्या खाडीला मिळते. एका माथ्याचे पाणी, एक पूर्वेला एक पश्चिमेला.

कुलकर्णींची वस्तू ताऱ्यापासून दूर होती, मायोरचा ग्रह ताऱ्याला खेटून. दोन्ही टोके एकाच सभागृहात मांडली गेली आणि मधली आपली सौरमाला हा केवळ एक नमुना ठरला. त्यानंतर ताऱ्याजवळच्या वायुग्रहांची रांगच लागली. त्यांना उष्ण गुरू म्हणतात. शंभर सूर्यसदृश ताऱ्यांत जेमतेम एखाद्याकडे असा ग्रह असतो. मग ते तिथे आले कसे? दूर, थंडीत घडले आणि मग आत सरकले, एवढे बहुतेकांना मान्य आहे. काहींच्या मते ज्या वायूच्या तबकडीतून ते जन्मले तिनेच त्यांना आत ओढले. काहींच्या मते दुसऱ्या ग्रहाशी झटापट होऊन ते लांबट कक्षेत फेकले गेले आणि ताऱ्याजवळून जाता जाता भरती-ओहोटीच्या ओढीने तिथेच अडकले.

या ग्रहांचा आवाज ऐकायचा प्रयत्न महाराष्ट्रातूनही झाला. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण उभी राहिली. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, 25 किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या. तबकडी पत्र्याची नाही, तारांच्या जाळीची. वारा आरपार जातो, त्यामुळे सांगाडा हलका आणि खर्च आटोक्यात. भोवती डोंगर, कारखान्यांचा गजर दूर. महाडच्या एमआयडीसीशेजारी ती चालली नसती.

गुरू रेडिओ लहरी सोडतो हे 1955 मध्ये कळले होते. त्याच्या चुंबकीय क्षेत्रात विद्युतभारित कण अडकतात, त्यातून ते तरंग निघतात. मग जो ग्रह ताऱ्याला चिकटून बसला आहे, ज्याच्यावर ताऱ्याकडून येणाऱ्या कणांचा, म्हणजे तारकीय वाऱ्याचा, मारा कितीतरी पटींनी जास्त, तो किती गोंगाट करत असेल? खगोलविदांनी एचडी 189733 आणि एचडी 209458 या ताऱ्यांच्या उष्ण गुरूंवर खोडदच्या तबकड्या रोखल्या. काही ऐकू आले नाही. टाउ बूटिसच्या ग्रहावर रोखल्या, तिथेही शांतता. 2009 मध्ये हॅट-पी-11 या ताऱ्याभोवतीच्या नेपच्यूनएवढ्या ग्रहाकडून क्षीण खूण आल्यासारखी वाटली. ग्रह ताऱ्यामागे गेला तेव्हा ती नाहीशीही झाली. 2010 मध्ये पुन्हा ऐकले तर काही नाही. संशोधकांनी शीर्षकातच ‘खूण’ म्हटले, ‘शोध’ नाही. मला या संयमात जेकबचा 1855 चा निबंध आठवतो. फरक इतकाच की या वेळी सावध राहायला मागे दीड शतकाचे धडे होते.

पुण्याजवळच्या डोंगरावरची वेधशाळाही अखेर झाली. मध्ये एक प्रयत्न झाला होता. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये 1888 मध्ये वेधशाळा निघाली. कावसजी दादाभाई नायगमवाला तिचे प्रमुख, 20 इंची दुर्बीण तेव्हा देशातली सर्वांत मोठी. 1912 मध्ये ती बंद पडून दुर्बीण कोडाईकनालला गेली. मग 2006 मध्ये पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण पुणे-नाशिक रस्त्याच्या आत, गिरवलीच्या डोंगरावर सुरू झाली. उंची सुमारे हजार मीटर. जेकबने मागितलेल्या उंचीपेक्षा कमी, आणि जेकबनंतर 144 वर्षांनी.

त्याच 2006 साली हवाईतल्या केक दुर्बिणीतून जॉन जॉन्सन आणि सहकाऱ्यांना एचडी 86081 या ताऱ्याभोवती उष्ण गुरू सापडला. तारा सूर्यासारखा, सुमारे 340 प्रकाशवर्षांवर. ग्रहाचे वस्तुमान गुरूच्या दीडपट किंवा त्याहून जास्त, अंतर साठ लाख किलोमीटरच्या आत, म्हणजे बुधाच्या अंतराचा दहावा भाग. वर्ष दोन दिवस आणि सव्वातीन तासांचे. 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलीय संघाने आपल्या शतकपूर्तीनिमित्त देशोदेशी एकेक तारा आणि त्याचा ग्रह नाव ठेवायला दिला, तेव्हा भारताच्या वाट्याला हाच आला. लोकांनी नावे सुचवली, मतदान झाले. ताऱ्याला ‘बिभा’ हे नाव मिळाले, बिभा चौधुरी यांच्यावरून. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झालेल्या त्या पहिल्या महिला संशोधक, विश्वकिरणांवर काम करणाऱ्या. ग्रहाचे नाव ‘संतमस’, आणि ते सुचवले होते पुण्यातल्या एका 13 वर्षांच्या शाळकरी मुलाने.

बिभा साध्या डोळ्यांना दिसत नाही, पण बऱ्या दुर्बिणीला आवाक्यात आहे. ती षष्ठांश या अंधूक तारकासमूहात आहे आणि शोधायला सोपी जागा म्हणजे सिंहातली मघा. मघेपासून दक्षिणेला, हात लांब करून पसरलेल्या एका वितेहून थोडे कमी अंतर मोजायचे. 20 मार्चला, चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या वर्धापनदिनी महाडात माणसांचा सागर लोटतो, त्या रात्री साडेदहाच्या सुमारास ती दक्षिणेला सर्वांत उंच असते. महाडात दिव्यांचा उजेड फार. पोलादपूरहून उमरठच्या बाजूला गेलेले बरे. आणि पावसाळ्याची अडचणही नाही, कारण जेकबच्या ताऱ्यासारखी ती आषाढात डोक्यावर येत नाही.

भारतीय भूमीवरूनही उष्ण गुरू सापडू लागले आहेत. 2021 मध्ये अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने, जिथे बिभा चौधुरींनी पुढे काम केले, माउंट अबूच्या गुरुशिखरावरून टीओआय-1789 या ताऱ्याचा सव्वातीन दिवसांत फेरी घेणारा ग्रह निश्चित केला. रीत तीच, तारा पुढेमागे किती हलतो ते मोजायचे.

असे ग्रह ताऱ्याजवळ कायमचे राहतात असे नाही. कुलकर्णींनी पालोमारवर उभारलेल्या झ्विकी सर्वेक्षणाच्या दुर्बिणीने 2020 मध्ये गरुड तारकासमूहात, सुमारे 12,000 प्रकाशवर्षांवर, एक तारा दहा-बारा दिवसांत शंभरपट उजळताना पाहिला. 2023 मध्ये किशलय डे आणि सहकाऱ्यांनी दाखवले की त्या ताऱ्याने आपल्याजवळचा वायुग्रह गिळला होता.

आणि ग्लीझे 229 चा तो बटू? त्याने ताऱ्याला किती ओढले हे गेल्या काही वर्षांत नेमके मोजता आले, तेव्हा वजन निघाले गुरूच्या सत्तरपट. एवढ्या वजनाची वस्तू याहून बरीच तेजस्वी दिसायला हवी होती. ताळा काही केल्या जमेना, जसा जेकबला 70 भुजंगधारीचा जमला नव्हता. 2024 च्या ऑक्टोबरात उत्तर मिळाले. तो एक नव्हताच, दोन होते. गुरूच्या 38 आणि 34 पट वजनाचे दोन बटू, पृथ्वी-चंद्र अंतराच्या सोळापट लांब, एकमेकांभोवती बारा दिवसांत फिरणारे.